कावेरीचे अन्न : तंजावर नगरीचा इतिहास

तंजावर हे नाव मराठी माणसाच्या कानावर पडते ते बहुधा दोन कारणांनी. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे ह्यांनी तेथे स्थापिलेले भोसल्यांचे राज्य, हे एक. आणि सरफोजीराजांच्या नावाने प्रसिद्ध असलेले सरस्वती महाल ग्रंथालय, हे दुसरे. ह्या दोन्ही गोष्टींचा आपणांस अभिमान वाटतो व तो योग्यच आहे. तथापि राज्य असो, ग्रंथालय असो, किंवा ह्या दोहोंच्याही आधी सहा-सात शतके उभे राहिलेले बृहदीश्वराचे गगनचुंबी देवालय असो, ह्या सर्वांचा पाया एकच आहे. तो पाया म्हणजे कावेरीच्या पाण्यावर पिकणारे भात. तंजावरात चोळ आले, नायक आले, मराठे आले, इंग्रज आले. परंतु प्रत्येकाने अन्न खाल्ले ते ह्याच खाचरांतले. म्हणून ह्या नगरीचा इतिहास राजांच्या वंशावळीवरून जितका कळतो, त्याहून अधिक तो एका प्रश्नावरून कळतो : पाणी कोणी राखले, आणि पिकलेले धान्य कोणाच्या पानात पडले? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाच्या अनुरोधाने तंजावरची ओळख ज्ञातिबंधू-भगिनींना करून देण्याचा हेतू आहे.

भूमी आणि पाणी

कावेरीचा उगम कोडगू म्हणजे कुर्ग प्रांतातील तलकावेरी येथे, सह्याद्रीच्या अंगावर आहे. तेथून सुमारे आठशे किलोमीटरांचा प्रवास करून ती पूर्व समुद्राला मिळते. तिला पाणी मिळते ते मुख्यतः आपल्या ओळखीच्या नैर्ऋत्य मोसमी पावसाचे. म्हणजे कोकणात ज्या ढगांनी आषाढ भरून येतो, त्याच ढगांचे दान कावेरी तमिळ देशाच्या पूर्व किनाऱ्याला नेऊन पोचविते. त्या किनाऱ्यावरचा स्वतःचा पाऊस आश्विन-कार्तिकात पडतो. अशा रीतीने एकाच भूमीला दोन ऋतूंचे पाणी मिळते. तेथे वर्षातून दोन पिके निघतात त्याचे रहस्य हेच होय.

तिरुचिरापल्लीच्या वरच्या अंगास नदीचे दोन फाटे होतात. उत्तरेकडचा कोळ्ळिडम व दक्षिणेकडचा कावेरी; आणि दोहोंच्या मध्ये श्रीरंगमचे बेट आहे. बेटाच्या खालच्या टोकाशी हे दोन प्रवाह पुन्हा अगदी जवळ येतात. तेथे कोळ्ळिडमचे पात्र सखल आणि कावेरीचे उंच, त्यामुळे कावेरीचे पाणी कोळ्ळिडममध्ये उतरून सरळ समुद्रास जावे, अशी निसर्गाची रचना आहे. तसे झाले असते तर तंजावरची भूमी कोरडीच राहिली असती. हे टाळण्यासाठी बांधलेला बंधारा म्हणजेच प्रसिद्ध ‘कल्लणै’, अर्थात दगडी बांध. परंपरा त्याचे कर्तृत्व इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांतील करिकाल चोळ राजाला देते. सुमारे ३२९ मीटर लांबीचा हा बंधारा मुळात ओबडधोबड दगड व चिकणमाती ह्यांचाच होता, आणि तो खडकावर नव्हे तर नदीच्या वाळूवर बसविलेला होता. कल्लणैपाशी कावेरीतून वेण्णार फुटते, वेण्णारमधून पुढे वडवार फुटते, आणि अशा शाखा-उपशाखांचे जाळे पिंपळपानाच्या शिरांप्रमाणे समुद्रापर्यंत पसरते. तंजावर शहर मुख्य कावेरीवर नाही. ते ह्या वडवारच्या काठी आहे. कावेरी तेथून दहा-बारा किलोमीटर उत्तरेस, तिरुवैयारू ह्या गावावरून वाहते. तिरुवैयारू म्हणजे ‘पाच नद्यांचे पवित्र स्थान’, आणि संतश्रेष्ठ त्यागराजांची समाधी तेथेच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कावेरीचे पात्र गाळाने भरून येऊ लागले व पाणी अधिकाधिक प्रमाणात कोळ्ळिडमकडे वळू लागले. तेव्हा आर्थर कॉटन ह्या इंग्रज अभियंत्याने १८३६ ते १८३८ ह्या काळात बेटाच्या वरच्या टोकाशी कोळ्ळिडमवर नवा बंधारा घातला. वाळूवर पाया कसा टिकतो, हे आपण कल्लणै पाहून शिकलो अशी कबुली ह्या अभियंत्याने दिली आहे. आणि हीच विद्या त्याने पुढे गोदावरीवर दवलेश्वरम् येथे वापरली. म्हणजे आपल्या नाशिकच्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणाऱ्या गोदेने आंध्रात जी भातशेती फुलविली, तिच्या मुळाशी कावेरीकाठच्या कोणा अनामिक गवंड्यांचे ज्ञान आहे. १९३४ साली वरच्या अंगास मेट्टूरचे धरण पुरे झाले, व त्याच सुमारास कल्लणैपासून काढलेला नवा कालवा तंजावर शहरातून, मोठ्या देवळाच्या जवळून वाहू लागला.

देवळाच्या भिंतीवरील भाताचा हिशेब

इ. स. ८५० च्या सुमारास विजयालय चोळाने तंजावर घेतले व तेथे आपली राजधानी केली. त्याच्या वंशातील पहिला राजराज हा ९८५ मध्ये गादीवर आला. त्याने बांधविलेले बृहदीश्वराचे देवालय १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याचे सुमारे साठ मीटर उंचीचे ग्रॅनाइटचे विमान पाहून प्रवासी थक्क होतो. परंतु जोत्यावरील व भिंतींवरील शिलालेखांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक हे शिलालेख म्हणजे एक अजस्र खतावणीच होय.

देवापुढे नृत्यसेवा करण्यासाठी राजराजाने निरनिराळ्या गावांच्या देवळांतून चारशे स्त्रिया आणून तंजावरात वसविल्या. शिलालेखात त्या प्रत्येकीचे नाव, तिचे मूळचे देऊळ, तिला दिलेले घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूस आहे, ही सर्व नोंद आहे. आणि प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात मिळावे असा एक वाटा नेमून दिलेला आहे. वाद्य वाजविणारे, शिंपी, सोनार, हिशेबनीस, अशा सर्वांची वेतने भाताच्याच मापाने ठरविलेली आहेत. देवळाचे द्रव्य गावोगावच्या सभांना कर्जाऊ दिलेले असे, त्यावरील व्याजाचा दर दरसाल साडेबारा टक्के होता, आणि ते व्याज पुष्कळदा भाताच्या रूपाने देवळात येत असे. देवालयाच्या नेमणुकीची काही गावे तर समुद्रापलीकडे सिंहलद्वीपात होती. ह्या सर्व व्यवस्थेआधी, इ. स. १००० च्या सुमारास, राजराजाने आपल्या राज्यातील जमिनीची मोजणी करविली होती.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चोळांचे ऐश्वर्य केवळ दिग्विजयाच्या लुटीवर उभे नव्हते. पाण्याचे पाट कोठून काढावयाचे, कोणत्या शेताचा सारा किती, आणि त्यातून कोणाचे पोट भरावयाचे, ह्याचा काटेकोर हिशेब ठेवणारे ते राज्य होते. शिवाय पाट व तळी दरवर्षी साफ करण्याची जबाबदारी गावकऱ्यांनी मिळून उचलावयाची, अशी प्रथा ह्या प्रदेशात चालत आली. पुढील काळात तिला ‘कुडिमरामत’ असे नाव पडले. ‘कुडि’ म्हणजे रयत. ‘मरामत’ हा शब्द आपणांस मराठीतही परिचित आहे. उन्हाळ्यात, पाणी येण्यापूर्वी, प्रत्येक कुळाने फावडे घेऊन पाटावर यावयाचे, असा त्याचा अर्थ. २०१७ मध्ये तमिळनाडू सरकारने ह्याच नावाने तळी-कालवे दुरुस्तीची योजना हाती घेतली.

मराठ्यांचे आगमन

चोळांच्या अस्तानंतर पांड्य, मग विजयनगर, आणि सोळाव्या शतकात विजयनगरचे तेलुगू नायक अशी सत्तांतरे झाली. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावरच्या विजयराघव नायकाचा पाडाव केला. त्या नायक घराण्याच्या वारसाला गादीवर बसविण्यासाठी विजापूरच्या आदिलशाहीने व्यंकोजीराजांना पाठविले. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर घेतले आणि लवकरच ते स्वतःच तेथील राजे झाले. १६७७ मध्ये दक्षिणदिग्विजयाच्या प्रसंगी शिवछत्रपती व व्यंकोजीराजे ह्या दोघां बंधूंची भेट कोळ्ळिडमच्या काठी तिरुमळवाडी येथे झाली. पित्याच्या जहागिरीतील वाट्यावरून त्यांच्यात जो वाद झाला त्याची कथा मराठी वाचकांस ज्ञात आहेच. येथे इतकेच लक्षात घ्यावयाचे की, ज्या भूमीसाठी हा भाऊबंदकीचा प्रसंग ओढवला ती दक्षिणेतील सर्वांत सुपीक भूमी होती.

व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले. त्यांची कारकीर्द विद्येच्या दृष्टीने विशेष स्मरणीय आहे. १६९३ मध्ये त्यांनी तिरुविशनल्लूर हे कावेरीकाठचे गाव पंडितांना अग्रहार म्हणून दिले व त्यास शहाजीराजपुरम् असे नाव पडले. स्वतः शहाजीराजांनी तेलुगू, मराठी, तमिळ अशा भाषांतून नाट्यरचना केली. त्यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठीतील सर्वांत जुन्या उपलब्ध नाटकांपैकी एक मानले जाते. विष्णुदास भाव्यांनी सांगलीस १८४३ मध्ये नाटकाचा प्रयोग केला, त्याच्या दीडशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. समर्थ संप्रदायाचे मठही तंजावरात स्थापन झाले. महाराष्ट्रातून गेलेले कीर्तन तेथे रुजले, आणि तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यास कर्नाटक संगीताची जोड देऊन आजच्या दाक्षिणात्य हरिकथेचे रूप दिले.

महत्त्वाचे हे की, मराठे तेथे जेते म्हणून गेले खरे, पण परके म्हणून राहिले नाहीत. दरबारात मराठी व मोडी, देवळात संस्कृत, नाटकशाळेत तेलुगू आणि शेतात तमिळ, असा तो चौरंगी संसार होता. ज्या राज्याचा सारा भाताच्या राशीवर मोजावयाचा, त्या राज्याच्या कारकुनाला कुळाची भाषा आल्यावाचून चालतच नसे.

उभ्या पिकावरील सावकारी

अठराव्या शतकात ह्याच सुपीकतेने तंजावरवर संकटे ओढवून आणली. अर्काटचा नबाब महंमदअली हा कर्जात बुडालेला होता व त्याचे धनको मद्रासेतील कंपनीचे इंग्रज नोकर होते. तंजावरचा महसूल हाती आला की कर्ज फिटेल, ह्या हिशेबाने १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेच्या साह्याने नबाबाने तंजावर घेतले व तुळजाराजांना कैद केले. लंडनच्या संचालकांना हे मान्य झाले नाही. त्यांच्या आज्ञेने मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट ह्याने १७७६ मध्ये राजांना पुन्हा गादीवर बसविले. त्याबरोबर पॉल बेनफील्ड नावाचा सावकारी करणारा कंपनीचा नोकर पुढे आला. नबाबाने तंजावरचा महसूल व शेतातील उभे पीक आपल्याकडे गहाण दिले आहे, असा त्याचा दावा होता. ह्या प्रकरणावरून मद्रासच्या कौन्सिलात इतकी फूट पडली की, ऑगस्ट १७७६ मध्ये कौन्सिलातील विरोधकांनी आपल्याच गव्हर्नरला अटक केली, आणि पुढील वर्षी तो बंदिवासातच मरण पावला. तंजावरच्या शेतकऱ्याने चिखलात लावलेल्या रोपासाठी लंडन-मद्रासेत इतके रण माजले, हे त्या शेतकऱ्याला बहुधा कधी कळलेही नसेल.

ह्यानंतर पाचच वर्षांनी, १७८१ मध्ये, हैदरअलीची स्वारी झाली. किल्ला तेवढा वाचला. बाकी मुलूख उद्ध्वस्त झाला. बंधारे व पाट फोडले गेले, गुरे हाकून नेली गेली, माणसे परागंदा झाली. किल्ल्यात उपासमार सुरू झाली तेव्हा शेतकरी राजाच्या वा कंपनीच्या शब्दावर भात देण्यास तयार होईनात, कारण पूर्वी नेलेल्या धान्याचे मोल त्यांना मिळाले नव्हते. अखेर श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने पैसे चुकते करण्याची स्वतः हमी घेतली, तेव्हा कोठे बैलांवरून भात आले. शेतकऱ्याचा विश्वास गमावलेले सरकार भरल्या शेतांच्या मधोमध उपाशी मरते, हा धडा ह्या प्रसंगाने दिला आहे.

अन्नछत्रे आणि ग्रंथ

तुळजाराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेले सरफोजी हे ह्याच श्वार्ट्झच्या देखरेखीखाली वाढले. १७९८ मध्ये ते गादीवर आले. दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहान्वये राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, आणि राजांकडे महसुलाचा पाचवा हिस्सा, ठराविक नेमणूक, किल्ला व राजवाडा एवढेच उरले. सत्ता गेली असता एखादा राजा विलासात बुडाला असता. सरफोजीराजांनी त्या उत्पन्नातून सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, देवनागरी छापखाना सुरू केला, शाळा काढल्या, वैद्यकाचे प्रयोग करविले, काशीयात्रेहून ग्रंथ आणविले. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. ‘भोसलेवंशचरित्र’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेला तो प्रदीर्घ शिलालेख आजही वाचता येतो. राजराजाच्या तमिळ खतावणीच्या शेजारी मराठी बखर, असा योग अन्यत्र दुर्मीळच.

तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सरफोजीराजांचे अधिक मोठे कार्य म्हणजे छत्रे, म्हणजे आपण ज्यांना धर्मशाळा व अन्नछत्र म्हणतो ती. रामेश्वराच्या यात्रामार्गावर भोसले राजांनी, बहुधा राजघराण्यातील स्त्रियांच्या नावे, अशी छत्रे बांधली होती. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे त्यांपैकी सरफोजीराजांनी स्थापिलेले. कारभार कंपनीकडे जात असता ही छत्रे व त्यांच्या इनामजमिनी आपल्या देखरेखीखाली राहाव्यात म्हणून राजांनी १८०१ मध्ये रेसिडेंटाला पत्र लिहिले. तेथे ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत सर्व जातींच्या प्रवाशांना अन्न मिळते, आजाऱ्यांना औषध व पथ्य मिळते, अनाथ मुलांचे शिक्षण होते, असे त्यात नमूद आहे. त्या काळी पंगती वेगवेगळ्या असत हे उघड आहे. परंतु आलेला कोणीही उपाशी परत जाऊ नये, हे राज्याचे कर्तव्य आहे, अशी त्या राजाची निष्ठा होती. राज्य गेले, पण अन्नदानाचा हक्क सोडावयाचा नाही, ही मागणी आपल्या इतिहासात विलक्षणच म्हटली पाहिजे.

सरफोजीराजे १८३२ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रहीन वारले व कंपनीने संस्थान खालसा केले. राण्यांनी दावा लावला. तो १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि ‘हे राजकीय कृत्य आहे, न्यायालयाचा येथे इलाज नाही’ अशा अर्थाच्या निर्णयाने फेटाळला गेला. ग्रंथालय मात्र टिकले. १९१८ मध्ये भोसले घराण्याने आपला हक्क सोडून ते सार्वजनिक केले, आणि १९८३ मध्ये त्यास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. राज्य बुडाल्यावरही तंजावरची मराठी बुद्धी वाया गेली नाही. कुंभकोणम् येथे १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर व बडोदे ह्या तीन संस्थानांचे दिवाण झाले, आणि बडोद्यास सयाजीरावांच्या अल्पवयीन काळात त्यांनी घालून दिलेली घडी महाराष्ट्राला परिचित आहे.

चिखलात उभे असलेले हात

येथवर आपण राजे, पंडित व दिवाण ह्यांचे वर्णन केले. परंतु ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत आपल्या माणसांच्या मोठेपणाबरोबर दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. एरवी इतिहास म्हणजे केवळ भाटगिरी होईल. तंजावरची जमीन मिरासदारांच्या मालकीची होती. त्यांत ब्राह्मण होते, वेळ्ळाळ होते, आणि राजांकडून इनामे मिळालेली मराठी घराणीही होती. भाताच्या चिखलात उतरणारा मजूर मात्र बहुतांशी अस्पृश्य जातींतला होता. तो ‘पण्णैयाळ’, म्हणजे जमिनीला बांधलेला गडी म्हणून राबे. त्याची मजुरी भाताच्या मापाने मिळे. राजराजाच्या शिलालेखांतील कलमांचा हिशेब त्याच्यापर्यंत येईतो मूठभर होई. एकोणिसाव्या शतकात ह्याच जिल्ह्यातून असंख्य मजूर नागपट्टणमच्या बंदरातून सिंहल व मलायातील मळ्यांवर गेले. भाताच्या कोठारातून माणसे पोटासाठी समुद्रापार जावीत, ह्याहून त्या व्यवस्थेवर कडक टीका ती कोणती?

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तंजावरच्या कुळांना व पण्णैयाळांना संरक्षण देणारा कायदा झाला. तरी झगडा संपला नाही. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्याच्या पूर्व भागातील कीळवेण्मणी ह्या गावी, मजुरीत थोडे अधिक भात मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. एका झोपडीत आश्रय घेतलेली चव्वेचाळीस माणसे जिवंत जाळली गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. पुढे उच्च न्यायालयात जमीनमालक आरोपी सुटले. १९६९ मध्ये शेतमजुरांच्या रास्त वेतनाचा कायदा करण्यात आला, पण तो चव्वेचाळीस जीव गेल्यावर. तांदळाचा प्रत्येक दाणा अन्नब्रह्म आहे असे आपण जेवणाआधी म्हणतो. त्या ब्रह्माची किंमत कधी कधी कोणी दिली आहे, हेही स्मरणात असावे.

आजची नगरी

१९६० नंतर तंजावर हा देशातील सघन शेतीच्या पहिल्या निवडक जिल्ह्यांपैकी एक ठरला. कुंभकोणम्‌जवळील आडुदुरै येथील भात संशोधन केंद्रात तयार झालेल्या थोड्या मुदतीच्या वाणांनी तेथे दुबार पीक वाढविले. जून महिन्यात लावावयाचे हळवे पीक ‘कुरुवै’, त्यानंतरचे गरवे ‘सांबा’, आणि कुरुवै काढून त्याच शेतात लावावयाचे ‘ताळडी’, अशी तेथील पिकांची नावे आहेत. दक्षिणेत आज घरोघर खाल्ला जाणारा ‘पोन्नी’ तांदूळ कावेरीच्याच नावाने ओळखला जातो, कारण ‘पोन्नी’ म्हणजे सोनेरी, हे कावेरीचे तमिळ नाव आहे. नव्या वाणांपुढे जुनी वाणे नाहीशी होऊ लागली, तेव्हा तिरुत्तुरैपूंडीकडील जयरामन ह्या शेतकरी कार्यकर्त्याने गावोगाव हिंडून दीडशेहून अधिक देशी वाणे जमविली आणि बियाणे उत्सव भरवून ती पुन्हा शेतकऱ्यांना वाटली. लोक त्यांना ‘नेल’ जयरामन, म्हणजे ‘भात’ जयरामन म्हणत. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

शहर स्वतः मध्यम आकाराचेच आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती सुमारे सव्वा दोन लाख होती, आणि २०१४ मध्ये तेथे महानगरपालिका झाली. १९८१ मध्ये तेथे तमिळ विद्यापीठ स्थापन झाले. बृहदीश्वर देवालय १९८७ पासून जागतिक वारसास्थळ आहे. भातावरील प्रक्रियेच्या संशोधनातून वाढलेली एक राष्ट्रीय अन्नतंत्र संस्थाही तेथेच आहे. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी स्त्रिया नदीकाठी जाऊन चढत्या पाण्याची पूजा करतात. हा आडिपेरुक्कूचा सण होय.

परंतु पाणी मात्र पूर्वीसारखे निश्चित राहिलेले नाही. मद्रास व म्हैसूर ह्यांच्यातील १८९२ व १९२४ च्या करारांपासून चाललेला कावेरीवाद १९९० मध्ये लवादाकडे गेला. २००७ मध्ये लवादाचा अंतिम निवाडा झाला. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात फेरबदल करून तमिळनाडूचा वाटा ४०४.२५ अब्ज घनफूट व कर्नाटकाचा २८४.७५ अब्ज घनफूट ठरविला. मेट्टूरची दारे परंपरेने १२ जूनला उघडावयाची असतात, पण पुरेशा पाण्याअभावी २०१२ ते २०१९ ही आठ वर्षे तो मुहूर्त साधला नाही. कुरुवैचे पीक त्या मुहूर्तावर अवलंबून असते. भूगर्भातील वायू व तेल काढण्याच्या योजनांनी शेतकरी धास्तावले, तेव्हा २०२० मध्ये कायद्याने हा प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरविण्यात आला. करिकालाच्या काळी जो प्रश्न दगडमातीने सुटला, तो आज न्यायालये, धरणे व शेजारधर्म ह्या तिन्हींच्या मेळाने सोडवावा लागत आहे.

आपले कर्तव्य

ह्या सर्व इतिहासातून आपण काय घ्यावयाचे? एक गोष्ट उघड आहे. ज्या राज्यकर्त्याने पाणी राखले व धान्य वाटले त्याचे नाव राहिले. ज्याने उभे पीक गहाण टाकले त्याची केवळ अपकीर्ती उरली. आणि जेथे धान्य पिकविणाऱ्यालाच धान्य मिळाले नाही, तेथे वैभवाच्या खाली निखारे धुमसत राहिले. जी कसोटी राज्यास, तीच समाजास व ज्ञातीसही लागू आहे.

तंजावरच्या मराठी घराण्यांतून आजही तमिळमिश्रित मराठी घरात बोलली जाते. पुष्कळांना ती लिहिता येत नाही, पण आईने बोललेली म्हणून ती जपली जाते. सरस्वती महालात सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत. शिवाय मोडी कागदांचे गठ्ठे आहेत : छत्रांचे जमाखर्च, गावांचे सारे, कालव्यांच्या दुरुस्तीचे हिशेब, शिधावाटपाच्या याद्या. त्यातील काही भाग प्रकाशित झाला आहे. पुष्कळ भाग मोडी वाचणाऱ्याची वाट पाहत आहे. राजांच्या लढाया आपण पाठ केल्या. आता त्या कागदांत कोणत्या गावचे भात कोणत्या छत्रात गेले, कोणत्या गड्याला किती शेर मिळाले, हे वाचणारी मुले व मुली आपल्या घरांतून निघाली पाहिजेत. मोडी शिकण्यास काही महिने पुरतात; शिकविणारेही महाराष्ट्रात आहेत. आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्त्यांपैकी एखादी ह्या कामासाठी राखून ठेवता येईल काय, ह्याचा विचार कार्यकारी मंडळाने करावा, अशी नम्र सूचना आहे.

आणि जे ज्ञातिबांधव रामेश्वराच्या यात्रेस जातील त्यांनी वाटेत तंजावरास एक दिवस थांबावे. देवालय व ग्रंथालय पाहावेच. पण कल्लणैवरही जावे, आणि रस्त्याकडेच्या खाचरांत ओणव्याने लावणी करणाऱ्या स्त्रियांना मनोमन वंदन करावे. आठशे किलोमीटर वाहत आलेले सह्याद्रीचे पाणी तेथे अन्न होते. त्या अन्नावर तीन शतके आपलीही माणसे जगली, त्याचे ऋण आपल्यावर आहे. आणि ते ऋण स्मरणाने, अभ्यासाने व न्यायबुद्धीने फेडावयाचे आहे.